तळहाताला मलमल

आठ वाजता वावरात हजर व्हा, आबांनी सांगितलेलं.
दव वाळलं की फूल मोकळं होतं,
आणि अकरानंतर ऊन
ओळख दाखवत नाही.

जुन्या धोतराची पट्टी फाडून
उजव्या तळहाताला गुंडाळायची,
मनगटावरची गाठ दातांनी ओढायची
आणि सूर्यफुलांच्या ओळीत शिरायचं.
एकेकीच्या तोंडावरून हात फिरवत जायचं,
हलका,
तापात निजलेल्याच्या कपाळावरून फिरवतो तसा.
हिचं तिला. तिचं पुढचीला.

पूर्वी हे काम माश्यांकडे होतं.
बांधावरची बाभूळ तोडली, तिच्यासोबत मोहोळ गेलं.
आता दोन एकरांत आम्ही चौघी :
मी, कोकिळाजिजी, धुरपता,
आणि सातपुड्याच्या पायथ्याहून येणारी रुमली.
रुमली बोलत नाही, नुसती गुणगुणते.
जिजी म्हणते, खरी माशी हीच,
आपण तिघी आपल्या उगाच.

शिरपूरहून येणारा रस्ता पश्चिमेला आहे.
म्हणजे रस्त्यावरून दिसतात त्या फक्त पाठी,
हिरव्या माना, खरखरीत देठ,
जत्रेत तमाशाला बसलेल्या माणसांना
मागून बघावं तसं.
परवा एक गाडी थांबली.
नवरा, बायको, तिची बहीण, गॉगल घातलेलं पोर.
म्हणाले, फोटो काढायचाय,
संध्याकाळी फुलं इकडे वळतील ना?
आम्ही काही बोललो नाही.
त्यांनी निंबाखाली सतरंजी टाकली,
केळी खाल्ली, सालं म्हशीला घातली,
पोर झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं.
सूर्य अनेरच्या पलीकडे उतरला
तरी सगळ्या जणी उगवतीकडेच तोंड करून.

आबा विडी विझवत म्हणाले,
‘कळी व्हती तवय फिरे. आते नही.’

मग ती माणसं वावराला वळसा घालून
पलीकडच्या बांधावर गेली.
आणि तिथून बाईचा ‘अगं बाई’ ऐकू आला,
एवढा मोठा,
की पोपटांचा थवा उठला
आणि पुन्हा तिथेच बसला.

दुपारी कळण्याची भाकरी, खुडा, कांदा.
ऊन आमच्या ताटात हात घालतं,
कोणी हटकत नाही.
घरच्या पत्र्यावर मिरची त्याच्याच भरवशावर टाकलेली,
उडदाचे पापड, शेवया, धाकट्याची दुपटी.
बाहेरचे येतात, कपाळ पुसतात, म्हणतात,
कसे राहता हो इथे.
धुरपता म्हणते, सावलीत.
आणि सावलीला जागा करून देते
आपल्या टोपलीशेजारी.

कापूस होता तेव्हा मी फुलाकडे बघितलं नव्हतं.
सकाळी पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी,
हे मला माहीत होतं
जसं शेजारणीच्या लुगड्याचा रंग माहीत असतो.
आता चार हजार तोंडं ओळखते.
सातव्या ओळीतली एक बुटकी आहे,
तिच्यासाठी वाकावं लागतं.
एक आहे दोन तोंडांची,
जिजी तिला सासू-सून म्हणते
आणि दोघींवरून सारखाच हात फिरवते,
कमी नाही, जास्त नाही, उगाच कटकट नको.

आज रुमली अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेली.
होळी चार दिवसांवर, आज भोंगऱ्याचा बाजार.
डोंगरात पळस पेटलाय, ढोल इथवर येतो
वारा तिकडून असला तर.
म्हटलं, बाई, हात तरी धू,
कोपरापर्यंत हळद लागल्यासारखी दिसतेस.
हसली. पट्टी सोडून कमरेला खोचली
आणि अनेरच्या वाळूतून तशीच निघाली,
चप्पल हातात.

आत्ता पोचली असेल.
कासाराने बांगडीच्या मापाला तिचा हात दाबला असेल,
मग त्याच बोटांनी पुढच्या बाईचा.
तिने पोराला शेव भरवली असेल,
पोराने पाळण्याची दांडी धरली असेल.

मी गाठ सोडते. अकरा वाजून गेले.
कोण जाणे, तिकडे बाजारात
कुणाकुणाला लागलंय आमचं वावर.