ओला दोर

रोसारिओत, बेकरीच्या वरच्या खोलीत,
दर गुरुवारी आम्ही सात जण
एका तराफेवाल्याला रिकाम्या खुर्चीत बसवतो.
तो येत नाही. येणार कसा, तो कवितेतला.
बत्तीस कडव्यांची जुनी गाथा, कुणी रचली ठाऊक नाही:
पारानाला पूर, तराफ्यावर धाकटा भाऊ,
काठावर हा. हातात दोर, कमरेला सुरी.

सकाळी भाऊ नाही.

गावाला सांगतो, दोर ओला होता.
पाद्र्याला सांगतो, दोर ओला होता.
भावाच्या बायकोला सांगतो, तिनं तोंडही उघडलेलं नसताना.
मी मोजलंय. नऊ वेळा.
चाळीस वर्षं लोकांच्या उशाशी बसून एवढं कळलं:
माणूस जे नऊदा सांगतो
ते त्याला कुणी विचारलेलं नसतं.

उलिसेस म्हणतो, आई. तिसऱ्या कडव्यात
घोंगडं धाकट्याला मिळतं, थोरल्याला पोतं.
मिर्ता म्हणते, नदीच आई.
कुणी म्हणतं, ती वहिनी बघा ना, वहिनी.
मी मान डोलावते. फी घेतलेली आहे.
मग माझं ठेवणीतलं काढते:
अकराव्यात त्याची जीभ घसरते,
"त्यानं मला बुडताना पाहिलं," म्हणतो.
छापणारे म्हणाले, चूक आहे, दुरुस्त करा.
मी म्हणते, सगळ्या गाथेत एवढीच ओळ शुद्ध आहे.
पेन्सिली चालतात. बरं वाटतं.

तेवढ्यात गॅसचा सिलिंडर घेऊन एलेउतेरिओ वर येतो.
बेकरीतला गडी, जन्म बेटांवर गेलेला.
दारात दम खातो, ऐकतो, म्हणतो,
ओला दोर एका घावात तुटत नाही, बाई.
फुगतो. सुरी सटकते.
अर्धा तास तरी लागला असेल त्याला.
आणि पँटला हात पुसत खाली जातो.

आम्ही पान उलटतो.
सतराव्या आणि अठराव्या कडव्यामध्ये
दोन बोटं कोरी जागा.
इतके गुरुवार आम्ही ती ओलांडत होतो,
गटार ओलांडावं तशी.
अर्धा तास.
पलीकडे भाऊ, काही ओरडत असेल,
कदाचित विचारत असेल, भाकरी उरलीय का.
एकेक पीळ सुटतोय
आणि प्रत्येक पिळाशी थांबता येण्यासारखं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
भिजलेल्या सुंभाचं कुणी सांगून ठेवलेलं नाही.

दोर ओला होता.
आम्ही जिला सबब म्हणत होतो ती कबुली निघाली.
बिचारा नऊ वेळा सांगत होता, किती वेळ लागला ते.

सगळे गेले. मी खुर्च्या भिंतीला लावते,
त्याचीही.

सत्त्याहत्तरचा जुलै. सहावा मजला.
खालून सेलिया बेल वाजवत होती,
कोपऱ्यावर बिननंबरची गाडी.
लिफ्ट बंद होती.
तिच्या आईला सांगितलं, लिफ्ट बंद होती.
नवऱ्याला, मग दुसऱ्या नवऱ्याला,
एकदा एका परक्या बाईला, बसमध्ये.
मी उतरले तोवर रस्ता रिकामा.

निघताना गॅसवर दूध तापत होतं, ते बंद केलं होतं.
परत आले तेव्हा नाही,
निघालेच तेव्हा
त्याच्यावर जाड साय धरलेली होती.

साय धरायला किती वेळ लागतो,
खाली बेकरीत कुणाला तरी माहीत असेल.