विंगेतला आवाज

फाइलसोबतच्या सूचनांत लिहिलं होतं:
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, जास्त नाही.
जपानी चित्रपट, तीन गोष्टींचा. मराठी उपशीर्षकं. मुदत शुक्रवार.
आणि पहिल्याच चौकटीत
समुद्र नसलेल्या ग्रहावरचं ते दीपगृह.

मी हा पाहिलाय.
वडशाहून नऊ किलोमीटर आत, मंडईच्या दुसऱ्या रात्री.
नाटक कंपनीची गाडी नाल्यात रुतली, म्हणून
सरपंचाच्या भाच्यानं नागपूरहून आणलेली सीडी लावली
भाड्याच्या पडद्यावर.
तिकिटं नाटकाची. लोक आधीच चिडलेले.
"मानसं कोठं हायेत? हे त चितरं हायेत.
अर्धे पैसे वापस द्या."

पात्रं जपानी बोलत होती, खाली इंग्रजी पळत होतं.
मी दहावीत, इंग्रजीत बासष्ट मार्क,
म्हणून मला पोत्यावर बसवलं डोमाजींच्या शेजारी.
डोमाजी लांजेवार, एकवीस वर्षं विंगेतले प्रॉम्प्टर.
राजे, खलनायक, मरणाऱ्या आया, सगळे त्यांच्याच कुजबुजीवर जगलेले.
मी वाचायची भराभर, अर्धं, चुकत.
दीपगृहाच्या माणसाला मी म्हटलं राखणारा,
डोमाजींनी माइकवर त्याला कोतवाल केला.
कोतवालाचा चार महिन्यांचा पगार थकलेला निघाला
आणि अर्धे पैसे मागणारे खाली बसले.

दुसरी गोष्ट.
एक म्हातारा पाठीवर दार घेऊन बर्फातून चालतो.
बर्फ आम्ही फक्त गोळ्यातला पाहिलेला.
"राइस मिलची राख हाय," मागून कोणी म्हणालं,
"डोळ्यात जाते बाप्पा."
खाली इंग्रजी येईना. मी गप्प.
डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे,
आणि म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाले,
"पोरीच्या घराले दार नाई.
जावई म्हनते, चोरानं नेवासारखं हाय का आपल्याकडं?
दार चोरासाठी नसते गा.
रातच्याले कोनी आलं
त वाजवाले कायतरी पायजे."

बायकांच्या बाजूला एक बांगडी वाजली नाही.
यमुना कोरेटी, दिवाळीपासून माहेरीच होती,
उठून गेली. तिची एक चप्पल सकाळपर्यंत तिथंच.

तिसरी सुरू झाली आणि लाइन गेली.
तासभर वाट पाहून लोक बॅटऱ्या पेटवत घरी गेले.
पैसे कोणी मागितले नाहीत.
हिरामण गेडामनं मागितले. त्याला मिळाले.

आज पाहते, तर दाराच्या गोष्टीत
कोणी काही बोलतच नाही.
सतरा मिनिटं नुसता वारा.
आमच्या सीडीत तो अकराच मिनिटं होता,
बाकीचा अमेरिकेत कुणीतरी कापलेला,
बाहेरचे लोक कंटाळतील म्हणून.
आम्ही त्या बाहेरच्यांच्याही बाहेरचे,
आमच्या कंटाळ्याचं कोणी विचारलं नव्हतं.

मी लिहिलं, वाऱ्याचा आवाज.
मग खोडून टाकलं: दार चोरासाठी नसते गा.
बेचाळिसात सहज बसत होतं.
चहा होईपर्यंत ठेवलं. परत खोडलं.

शुक्रवारी पहाटे फोन लावला.
डोमाजी आता ऐंशीचे, नातू फोन कानाशी धरतो.
म्हटलं, तोच पिक्चर, माझ्याकडे आलाय, बावीस वर्षांनी.
ते बराच वेळ खोकले.
"लाइन आली का?"
आली, म्हटलं.
"मंग तिसरी वाच. हळू वाच.
या खेपेले अर्धं सोडू नोको."