शेंडीचा भाव

मी कोपनहेगनच्या एका पेढीचा माणूस,
नानशुनला रेशीम पारखायला आलेला.
कालव्याकाठी खोली,
खाली मिआओ न्हाव्याचं दुकान.
दर पंधरवड्याला पत्र जायचं:
कोशांची आवक, धाग्याचा पोत,
आणि शेवटी एक ओळ, बंडाची परिस्थिती.

त्या एका ओळीला रात्र पुरायची नाही.

बादशहाचा हुकूम: कपाळ भादरलेलं हवं, पाठीवर वेणी हवी.
बंडवाल्यांचा हुकूम: वस्तरा लागला तर मान जाईल.
गाव वर्षात चारदा इकडचं तिकडे झालं.
केस मात्र आपल्याच चालीनं वाढतात, महिन्याला बोटभर.
त्यांच्याकडे कुणी घोडेस्वार धाडत नाही.

म्हणून मिआओ टोप्या विकायचा.
काळी, गोल, आतून टाचलेली वेणी.
सरकारी फौज आली की डोक्यावर,
बंडवाले आले की चुलीमागे.
(ते असले की तो फक्त कान कोरून द्यायचा.)
"सरकारलाच शेंडी लावतोस की," मी म्हणालो.
तो हसला नाही.
चामड्यावर वस्तरा ओढत राहिला.

तुतीला पालवी फुटली तेव्हा टोपी साठ नाण्यांना होती.
सूचौ पडल्याचं कळलं, त्या दुपारी फुकटसुद्धा कुणी नेईना.
मग एका सकाळी एकदम तीनशे,
आणि चौथ्या दिवशी धुक्यातून सरकारी होड्या.
त्यानंतर मी वर्तमानं विचारणं सोडलं.
जिना उतरायचो, भाव विचारायचो.

पुलापलीकडे फेई
उकळत्या कढईत बोटं घालून धाग्याचं टोक शोधायची.
तुला कोण हवंय, मी विचारलं.
"दहाव्या दिवशी किडा कोश फोडतो.
त्याआधी जो लाकडं जाळू देईल, तो."
बंडवाल्यांनी तिच्या पावलांच्या पट्ट्या सोडवल्या होत्या,
पुढचे आठ दिवस तिला उभं राहता आलं नव्हतं.
तरी त्यांच्यातली एक बाई
कमरेला तलवार लावून पुलावरून गेली होती.
ते सांगताना फेईचा हात
कढईत जरा जास्त वेळ राहिला.

थंडीत मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं.
मिआओ, इतके केस येतात कुठून?
त्यानं वस्त्र्याच्या टोकानं उत्तर वेशीकडे दाखवलं.
"ज्यांना आता काही ठरवावं लागत नाही,
त्यांचे."

रात्री पत्रात लिहिलं: परिस्थिती स्थिर.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

सकाळी दाढीला बसलो, मान मागे टाकली.
माझ्या तांबड्या मिशीची धार तो नीट करत होता.
"तुमच्याकडे," त्यानं विचारलं,
"डोक्यांचं कोण ठरवतं?"

वस्तरा ओठावर होता,
म्हणून मी बोललो नाही.