तीन नंबरचा चौकोन

दुपारचे दोन. फहाहीलचं ऊन
फटीतूनही आत येऊ नये म्हणून
काचेला चंदेरी कागद, त्यावर सतरंजी,
दाराखाली टॉवेल.
राहिला एसीचा हिरवा दिवा.
त्यावर शबिस्तानं कणकेचा गोळा चिकटवला.

आता अंधार. म्हणजे, बऱ्यापैकी.

मॉनिटर सत्तावीस इंची, पंचाऐंशी दिनार.
सात दिवसांत परत घेतात. आज सहावा.
खोक्यावर छापलंय: हजार निट, खराखुरा काळा.
खराखुरा तर सगळेच म्हणतात,
म्हणून तपासायचं.
तपासणं हेच माझं पोट:
एकोणीस वर्षं पाइपांच्या जोडांच्या एक्स-रे फिल्मा
दिव्याच्या पेटीवर लावून बघतोय,
राखाडीतली राखाडी, तिच्यात केसाएवढी भेग.
माझी सही होते, मगच
त्या पाइपातून तेल जातं.

आधी ठिपका. काळ्याभोर पडद्यावर एकच पांढरा,
आणि त्याच्याभोवती धुकं,
दाभोळच्या खाडीत पहाटे होडीवर
गॅसबत्तीभोवती असायचं तसं.
"झोन कमी आहेत, अब्बा," अफ्फान म्हणाला.
बारा वर्षांचा आहे. त्याला सगळं ठाऊक असतं.

मग सूर्य. वाढत वाढत इतका
की तिघांनीही डोळे मिचकावले
आणि हसू फुटलं:
बाहेर फुकटचा आहे तो कागद लावून अडवला,
आत आणला पंचाऐंशी दिनार मोजून.

मग काळ्यावर काळे चौकोन, वीस,
एकापेक्षा एक कणभर उजळ,
प्रत्येकाच्या पोटात त्याचा नंबर.
कुठपासून दिसतात?
मला सातपासून.
सहा... असेल.
म्हटलं, बघा, सावल्या गिळतो हा.
पावती काढा, उद्या परत.

शबिस्ता आतून आली, पिठाच्या हातांनी.
"तीन दिसतोय की."
कुठाय?
"हा काय." तिनं बोट टेकवलं.
पडद्यावर पिठाचा ठसा.
"दोनसुद्धा," अफ्फान म्हणाला, "अगदी पुसट."

मी पुढे सरकलो. मागे सरलो.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला.
तिरका बघितला, जसं फिल्मेला बघतो,
एक डोळा मिटून, श्वास धरून.
ठसा दिसत होता.
ठशाखालचा चौकोन नाही.

दर ऑक्टोबरात कंपनीचा मिसरी डॉक्टर
बारीक अक्षरांचा कागद समोर धरतो.
वाचतो मी, शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता.
काळ्यातलं काळं
त्यानं कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तीनशे चौदा फिल्मा.
सगळ्या कुठून आठवणार.
एक आठवली. चोवीस इंची, वळणाजवळचा जोड,
खालच्या कडेला जरा गडद.
जेवणाची वेळ झाली होती. मी "ठीक" लिहिलं,
आणि तारीख.

कोणी दिवा लावला नाही.
शबिस्तानं ओढणीच्या टोकानं ठसा पुसला,
हलक्या हातानं, जसं झोपलेल्या पोराचं तोंड पुसावं.
"चांगला आहे," म्हणाली. "ठेवू या."
मॉनिटरबद्दलच म्हणाली असेल.

पावती परत डब्यात गेली.
उद्या कार्यालयात लवकर जाईन.
ती चोवीस इंची काढून पेटीवर लावीन
आणि शेजारी बसवीन त्या रेजीशला,
तेवीस वर्षांच्या, गेल्या आठवड्यात
ज्याला चौघांदेखत म्हणालो होतो
की तुझे डोळे अजून कच्चे आहेत.
विचारीन, तुला काय दिसतं?
आधी तू सांग.