कंसातलं

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज यायची तासभर,
कधी सातला, कधी नाहीच.
लामाराबाई ओव्हरकोटातच शिकवायच्या,
हातमोज्यांची बोटं कापलेली, पान उलटता यावं म्हणून.
पान मात्र उलटलं नाही.
जानेवारीपासून आम्ही पहिल्याच प्रवेशात होतो.

"संवाद कुणीही वाचेल," त्या म्हणायच्या,
"आधी कंसातलं वाचा."
कंसात एवढंच:
जेवणघर. संध्याकाळ. मोलकरीण येते.
सात ताटल्या मांडते. जरा थांबते.
एक उचलून नेते.
मग घंटा होते आणि नाटक सुरू होतं,
पाच अंक, तीन मृत्यू, एक लग्न,
आणि त्या बाईला पुढे एकही वाक्य नाही.

ती ताटली कुणाची?
सव्वीस वर्षं बाई हेच विचारत आलेल्या
आणि सव्वीस वर्षं उत्तर ठरलेलं:
न येणाऱ्याची.
बोंदो म्हणाला, थोरल्या मुलाची, लढाईत गेला असणार.
गुगुली म्हणाली, नवऱ्याची.
त्या वर्षी आम्ही सगळेच घरी
कुणाला तरी वगळून मोजत होतो,
उत्तर बरोबर येणं अवघड नव्हतं.

त्सिआला मागच्या बाकावर, रॉकेलच्या स्टोव्हजवळ.
तिची आई चार घरची धुणीभांडी करायची,
पगार कधी मक्याच्या पिठात, कधी आक्रोडांत.
उभी न राहताच ती म्हणाली,
"टवका उडाला असेल.
टवक्याची ताटली पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.
बदलायला नेलीय. दुसरी आणेल."

कुणीतरी फिसकन हसलं.
बाईंनी कंस पुन्हा वाचला, ओठ हलवत,
प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून,
पहिलीतलं पोर वाचतं तसा.
"पण दुसरी आणते असं लिहिलेलं नाही."
"लिहिणारा टेबलावर बसलेला ना," त्सिआला म्हणाली,
"तो कुठे बघतोय, दुसरी आली का ते."

तेवढ्यात वीज गेली.
अंधारात आधी खुर्ची सरकली,
मग बराच वेळ फळा पुसल्याचा आवाज.

आता मी इथल्याच नाट्यगृहात सामान सांभाळतो.
दोन-चार वर्षांनी ते नाटक लागतं.
कुणी दिग्दर्शक त्या ताटलीवर निळा उजेड सोडतो,
कुणी व्हायोलिन.
एकानं तर मोलकरणीला रडायला लावलं होतं.
मी सात ताटल्या मोजून देतो,
आठवी विंगेतल्या स्टुलावर, फडक्याखाली.
सातवीच्या काठाचा टवका मीच उडवलाय,
चमच्याच्या दांड्यानं, एका दुपारी.
पहिल्या रांगेतूनसुद्धा दिसत नाही.
नटीच्या अंगठ्याला तेवढा लागतो
आणि ती जरा थांबते.