हेअरस्प्रिंग

चिमट्यात हेअरस्प्रिंग, आणि चित्र थिजलं.
मधोमध ते गोल चाक फिरतंय,
काटे नसलेलं घड्याळ.
लक्ष्मी रोडवर मी स्प्रिंग इतका वेळ
हवेत धरली असती,
तर गिऱ्हाईकानं दुसरं दुकान गाठलं असतं.

तापकीर गल्लीतला मुज्जू म्हणाला होता,
"काका, रॅम चारच जीबी. टॅब मिटवा,
मग बघा व्हिडिओ कसा पळतो."
मोजले. एकतीस.

घड्याळ उघडताना पांढऱ्या फडक्यावर
सुटे भाग ओळीनं मांडायचो.
शेवटी निघालेलं पहिलं बसतं.
इथं निघालेलं परत बसत नाही.

वीजबिल, भरलेलं. मिटवलं.
स्वारगेट ते आंबेगाव पठार, बसच्या वेळा,
ज्या कधीच खऱ्या नव्हत्या. मिटवलं.
कुमुदच्या गुडघ्याचा खर्च,
तीन दवाखाने, तीन आकडे.
त्यातला स्वस्त ठेवला. मग तोही नाही.
'गाळा भाड्याने देणे आहे', मजकूर माझाच,
फोटोत अजून पाटी: साठ्ये वॉच कं.
इथं कर्सर दोनदा घसरला.

लॅपटॉपच्या पोटातला पंखा हळू झाला.
चाक गेलं. चिमटा हलला.
कुणा परदेशी माणसाचे हात, स्वच्छ नखं,
स्प्रिंग अलगद खाली आणतायत.

आणि मी, रात्री पावणेबाराला,
कुमुद दचकून उठेल एवढ्या मोठ्यानं:
"अहो, उलटी बसवताय!"