पिग्मीचा फेरा

पाच वाजता बिनखांबी गणेशापासनं माझा फेरा सुरू होतो.
खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीचं छोटं मशीन,
कुणाचे रोजचे वीस, कुणाचे पन्नास,
एखादाच शंभर देणारा, तोही उपकार केल्यासारखा.

आज पारिसा मगदूमांनी पैशाआधी पेपर काढला.
"वाचलंस का पोरी, देशावर कर्ज किती झालंय?
माणशी भागलं तर माझ्या नातवाच्या डोक्यावर सुदिक!
अजून जावळ काढलं न्हाई त्याचं."

मी आकडा बघितला. शून्यं मोजताना बोट घसरलं.
चपलांच्या दुकानात दोरीला टांगलेल्या जोडांसारखी ती ओळीनं,
एकाला धक्का लागला की सगळी हलतील अशी.
"घाबरायचं का?" त्यांनी विचारलं,
जसं काय मला दिल्लीनं नेमलंय.
म्हटलं, काका, आधी वीस रुपये द्या.

पापाच्या तिकटीला हसीना शिकलगार
कात्रीला धार लावत होती. ठिणग्या, आणि मधेच तिचा प्रश्न, तोच.
तिला सांगितलं,
तुझे पन्नास माझ्या मशीनीत, तिथनं पतपेढीत,
पतपेढीचे बँकेत, आणि बँक सरकारचे रोखे घेती.
म्हंजे सरकारनं उसनं घेतलंय ते तुझ्याकडनंच.
हसीनानं चाक थांबवलं. हसली.
"मग दारात का न्हाई आलं मागायला?
च्या तरी पाजला असता."

हे खरं आहे, आणि अर्धंच आहे.
कारण त्या पन्नासांचं व्याज भरायला
साबणाच्या वडीतनं, काडेपेटीतनं, तेलाच्या पिशवीतनं
पैसे जातात तेही हसीनाचेच.
या खिशातलं त्या खिशात, म्हणतात शिकलेले लोक.
पण तो दुसरा खिसा बहुतेक वेळा
दुसऱ्याच कुणाच्या सदऱ्याला असतो.

उद्यमनगरात इराण्णा कुंभोजकरनं कर्ज काढून लेथ घेतलं.
रात्री दोनलाही त्याची घरघर ऐकू येते,
मला त्या आवाजावर झोप लागते.
त्याच गल्लीत रणधीरनं कर्ज काढून
भावाच्या वरातीला हत्ती आणला.
हत्ती गेला.
हप्ता आहे.
पेपरातल्या आकड्यात लेथ किती, हत्ती किती,
ते काही छापलेलं नव्हतं.

आमच्या आधीची पतपेढी बुडाली तेव्हा मी नवीन होते.
आदल्या आठवड्यात मॅनेजरनी पेढे वाटलेले.
वह्या नीटनेटक्या, लाल शाई कुठंच नाही.
जुन्या कर्जाचं व्याज नव्या कर्जातनं जातंय
हे कळलं एकट्या इंदूताई सुतारला, जी टेबलं पुसायची,
आणि पुसता पुसता वाचायची.
तिनं विचारलं. तिची बदली झाली, गडहिंग्लज शाखेला.
चार महिन्यांनी कुलूप लागलं. बाहेर बाया बसलेल्या,
पासबुकं पदरात धरून, कुणी रडत नव्हतं अजून.

तेव्हापासनं आकड्याची भीती वाटत नाही मला.
विचारणारीची बदली झाली, की वाटते.

माझ्या मशीनीतनं निघणारी पावती
उन्हाळ्यापर्यंत पांढरी होते. अक्षरं उडून जातात.
हसीना तरी सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात ठेवते,
कोऱ्या कागदांचा गठ्ठा, वर रबर लावलेला.
गेल्या दिवाळीला मी म्हटलं, टाकून दे की आता.
तर म्हणाली, "व्हय? आणि तू उलटलीस म्हंजे?"

आठला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थांबले.
म्हशी उभ्याच होत्या, धारेचा आवाज, ग्लासात वरपर्यंत फेस.
पिशवीत सात हजार तीनशे, त्यातला एक रुपया माझा नाही.
पर्स चाचपली तर घरी राहिलेली.
"असूदे की," गवळी म्हणाला, पुढच्या म्हशीकडं वळला,
लिहून ठेवायलाही त्याच्याकडं काही नव्हतं.
मीच मग पेन काढलं
आणि तळहातावर लिहिलं, दूध, एक ग्लास.
घाम होता. नीट उठत नव्हतं.
परत गिरवलं.